सुपातली नाचणी

सकाळपासून सूप मांडीवर घेऊन बसलेय, पण जीव नुसता चुळबुळतोय. नव्या नाचणीचा मातकट वास येतोय, दाणा मात्र दिसत नाय. सगळं तांबडं धुकं.

ह्याच वासानं मला डोळखांबच्या माहेरी नेलं. मला बघायला पाहुणे आले होते. पोरीची नजर कच्ची, असं कुणीतरी उठवलेलं आणि त्यापायी एक स्थळ परत गेलेलं. चहा झाला नि होणाऱ्या सासूबाईंनी नाचणीचं सूपच माझ्यापुढं सरकवलं. "खडे काढ गो."

दारातल्या बाबांचा चेहरा उतरला. मी सूप मांडीवर घेतलं. सूपभर बघितलं तर सगळं एकसारखं, नजर कुठं ठरेचना.

सासूबाई वाकून हळूच म्हणाल्या, "अख्खं सूप नको बघू. एकच दाना धर डोळ्यानं."

एक दाणा धरला. त्याच्यावरचा बारीकसा ठिपका दिसला, तिथं डोळा अडकला, आणि काय सांगू, आजूबाजूचे दाणे, खडे सगळे सुटे सुटे झाले! वेचलेले खडे मी त्यांच्या तळहातावर ठेवले. त्यांनी ते अंगठ्यानं कितीतरी वेळ चोळले, मग बाबांना म्हणाल्या, "पोरगी आमची झाली."

तेव्हा वाटलं, काय खट सासू मिळाली, परीक्षा घेते! तो अंगठा आत्ता कळतोय. त्यांना खडे दिसतच नव्हते.

"आई, द्या ना इकडं," सून मघापासून म्हणतेय. मी एक दाणा धरायला बघते, तो निसटतो. पुन्हा बघते, पुन्हा निसटतो.

शेवटी सूप तिच्याकडं सरकवलं, आणि तळहात पुढं केला.