मांडवाशेजारची जीप

मी निरगुडसरची, पण नोकरी घाटघरला, एका संस्थेत. तुमचं काम काय, असं कुणी विचारलं की मी म्हणायचे, ते देणगीदारांना विचारा! पैसे पाण्यासाठी आले की आम्ही टाक्या बांधायचो, शिवणकामासाठी आले की मशिनी वाटायचो. त्या वर्षी ते बाळंतपणासाठी आले आणि गावाला जीप मिळाली. त्याआधी एक बाई डोलीतून नेताना वाटेतच गेली होती. तिचा चेहरा मी पाहिला होता. जीप आल्यापासून अडलेल्या बायका जुन्नरच्या दवाखान्यात वेळेवर पोचू लागल्या.

पण दर वर्षी देणगीदारांकडचे पाहुणे येणार, बघणार आणि मगच पुढचं डिझेल मंजूर करणार. आमच्या साहेबांनी बजावलं होतं, पोटुशी बाई पुढं बसवा, पाहुण्यांना तेच बघायचं असतं.

पाहुणे आले त्या दिवशी मांडवात तशी गावातली एक सून पुढं बसवली. पहिलटकरीण, अंगावर नवी साडी, दिवस भरत आलेले, शेजारी सासू. जीप मांडवाला लागूनच उभी होती, धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून.

भाषणं सुरू झाली आणि माझं लक्ष त्या पोरीच्या हाताकडं गेलं. पदर मुठीत आवळलेला. मूठ सैल व्हायची, पुन्हा आवळायची. ओठांवर घाम. मी वाकून सासूला विचारलं, "मावशी, हिला कळा येतायत का?"

"सकाळधरनं," ती समोर बघतच पुटपुटली. "गप ऱ्हावा. पावणं बसल्यात. त्यांच्या म्होरनं सून उठून गेली तर काय म्हनतील? आन् त्यांनी गाडी बंद केली तर गावातल्या बाकीच्या पोरींनी काय करायचं?"

अगं बाई! हात लांबवला तर लागेल एवढ्यावर गाडी, आणि जिच्यासाठी आणली तीच कळा गिळत बसलेली! राग आला, पण भीती त्याहून मोठी. मला त्या डोलीतल्या बाईचा चेहरा दिसायला लागला.

तेवढ्यात पोरीच्या खुर्चीखाली पाणी ओघळलं. मग मात्र मी भाषण-बिषण काही बघितलं नाही. "अहो ड्रायव्हरभाऊ, गाडी काढा!" अशी जोरात ओरडले की माइकवरचा माणूस थांबला. साहेबांनी डोळे वटारले. आम्ही दोघींनी तिला धरून गाडीत घातलं.

रस्ताभर तिनं हूं की चूं केलं नाही. चावंडच्या वळणांवर मी तिला गदागदा हलवलं. "अगं ओरड की! इथं कुठं पाहुणे बसलेत?" ती नुसती दात आवळून माझ्याकडं बघत होती. ते बघणं मला सोसवेना.

जुन्नरच्या दवाखान्यात पोचलो. मूल झालं ते निळं. रडेना. दाराबाहेर मी आणि सासू एकमेकींचे हात धरून उभ्या होतो. मग आतून बारीक ट्यँहां आलं. सासू मटकन खाली बसली आणि ढसाढसा रडली.

मी आत गेले. पोरीनं डोळे उघडले. मुलगा की मुलगी, तेही विचारलं नाही.

"ताई, पावणं रागावलं का? गाडी ऱ्हाईल न्हवं?"

माझ्या हातात फोन वाजत होता. साहेबांचा. मघापासून वाजत होता, आणि उचलायची माझी छाती होत नव्हती.

"राहील गं," मी म्हणाले.