मालुबाईची उकळलेली कातर

काकती गावात कुणाच्या घरी कळा सुरू झाल्या की पहिला निरोप मालुबाईकडे जायचा. बाई हाडाची काटक आणि जिभेची तिखट. बाळंतिणीची आई रडायला लागली तर तिला अंगणात बसवायची, नवरा दारात घुटमळला तर त्याला गोठ्यात पिटाळायची. सुईणपण ती सासूकडून शिकली होती आणि त्याचा तिला ताठा होता. का नसावा? वीस वर्षांत एकही बाळंतीण तिच्या हातून दगावली नव्हती.

पोरं मात्र जायची. जन्मताना ठणठणीत असायची, आठवडा होतो न होतो तोच जबडा आवळायचा, दूध सुटायचं, अंग ताठ व्हायचं आणि खेळ खलास. सटवीनं नेलं, असं लोक म्हणायचे. मालुबाईही तेच म्हणायची, कारण रीत तर ती काटेकोर पाळत होती. ज्या विळ्यानं बापाची नाळ कापली त्याच विळ्यानं पोराची कापायची. तो विळा देवळीत सटवीच्या नावानं ठेवलेला असायचा. त्याला पाणी लावायचं नाही, गंज खरवडायचा नाही, नाहीतर वंश धुऊन जातो म्हणे. कापलेल्या जागी गोवरीची राख चेपायची.

रुक्माबाईच्या घरात अशी तीन नातवंडं गेली. तिन्ही वेळा मालुबाईच होती. तिसऱ्यानंतर रुक्माबाईनं सुनेला, अक्काताईला, पांढऱ्या पायाची ठरवलं. चौथं गेलं तर हिला माहेरी धाडून मुलाला, भरमूला, दुसरी बायको करायची, हे तिनं पाणवठ्यावर चारचौघींत सांगून टाकलं. अक्काताई खाली मान घालून ऐकायची. मालुबाईला ते बघवत नसे, पण सटवीशी भांडायचं कसं?

त्या उन्हाळ्यात मालुबाईच्या भाचीचं पोर पोटात आडवं आलं, म्हणून तिला बेळगावला कॅम्पातल्या दवाखान्यात न्यावं लागलं. मालुबाई सोबत गेली ती नाक मुरडतच. तिथली नर्सबाई पातेल्यात कातर आणि दोरा खळाखळा उकळत होती. कातरीची आमटी करता काय, असं मालुबाईनं विचारलं. नर्सबाई हसली आणि तुम्ही नाळ कशानं कापता, म्हणाली. मालुबाईनं विळ्याची सगळी हकिकत मोठ्या अभिमानानं सांगितली. नर्सबाईचं हसू मावळलं. गंजातलं आणि शेणातलं विष नाळेतून अंगात जातं, त्यानंच जबडा बसतो, असं तिनं सांगितलं. इथं दोन वर्षांत एकही पोर तसं गेलेलं नव्हतं.

मालुबाई दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसली. एकेक घर आठवत गेली. गेलेली पोरं मोजली, ती अकरा भरली. तिला रडू आलं नाही, संताप आला. स्वतःचा आला, मेलेल्या सासूचा आला, आणि जिच्या माथी सगळं मारून आपण वीस वर्षं निवांत जेवलो, त्या सटवीच्या नावाचाही आला.

दिवाळीनंतर अक्काताई भर दुपारी बाळंत झाली. मुलगी झाली. मालुबाईची नवी कातर चुलीवर उकळत होती. रुक्माबाई देवळीतला विळा घेऊन आली, कातर बघून थबकली आणि दारातच आडवी उभी राहिली. या घरात नाळेला दुसरं लोखंड लागायचं नाही, सटवी कोपेल, असं तिनं बजावलं.

"सटवीनं एक बी पोर न्हेल्यालं न्हाय, आक्का," मालुबाई म्हणाली. "तुमच्या सुनंची तिन्ही मी मारली. ह्या हातानं, ह्या विळ्यानं. चौथं मारनार न्हाय. मग मला गावातनं हाकला, न्हाईतर काय बी करा."

रुक्माबाई ओरडेल असं वाटलं होतं. तिनं हातातला विळा उलटसुलट करून पाहिला. तिच्या पोटची पाच, त्यांतला एकटा भरमू जगला होता.

"मग माझी चार गं?"

खोटं बोलणं सोपं होतं. मालुबाईनं खरं तेच सांगितलं.

"ती माझ्या सासूनं. ह्योच विळा."

रुक्माबाईनं विळा उंबऱ्यावर ठेवला आणि दारातून बाजूला झाली. मालुबाईनं नाळ दोऱ्यानं बांधली, कातरीनं कापली आणि राखेची परडी पायानं बाजूला सारली.

आठवा दिवस गेला, पंधरावा गेला. पोरगी भुकेनं घर डोक्यावर घेत होती. रुक्माबाईनं मालुबाईशी बोलणं टाकलं ते कायमचं, पण भरमूच्या दुसरीचा विषयही पुन्हा काढला नाही.

मालुबाईचं एवढ्यावर भागेना. उरलेल्या आठ पोरांच्या आयांकडे ती आपल्या पायांनी गेली. तुझा काही दोष नव्हता, पोर माझ्या हातून गेलं, एवढंच सांगायची. एकीनं शिव्या दिल्या. एकीच्या नवऱ्यानं काठी उगारली. मालुबाई हलली नाही, ऐकून घेतलं आणि पुढच्या दारी गेली.

शेवटची मष्णूची बायको. ती शेतात भांगलत होती. तिनं खुरपं खाली ठेवलं, सगळं ऐकलं आणि उठून उभी राहिली.

"मालुआक्का," ती म्हणाली, "ह्ये माझ्या सासूम्होरं येऊन सांगशीला?"

मालुबाईनं पदर खोचला आणि तिच्या पुढं चालायला लागली.