न विचारता उघडलेली खोली

मिसेस रूथ कॅल्डर यांची आणि माझी पहिली भेट अमेरिकेत, बॉस्टनजवळच्या श्रूजबरीत, त्यांच्या छोट्याशा ऑफिसात झाली. नोकरी टायपिस्टची होती. "टायपिंग येतं?" त्यांनी विचारलं. "येतं." "आणि लोकांना नाही म्हणता येतं?" मी खरं ते सांगितलं, "मुळीच नाही." "छान. उद्यापासून ये."

आम्ही मराठी मंडळी त्यांना रूथबाई म्हणतो, मुलं रूथआजी. त्यांना पंचाहत्तर पूर्ण होत आहेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

दुसरं महायुद्ध संपल्यावर वडिलांची गिरणी विकून बाईंनी संस्था काढली. युरोपातले शिक्षक इकडे आणायचे, इकडचे तिकडे पाठवायचे. नियम एकच: पाहुणा हॉटेलात उतरणार नाही. तो कुणाच्या तरी घरी राहील, भांडी विसळील, त्या घरातली भांडणंही ऐकेल. ज्यांचे मुलगे युद्धात गेले, त्यांच्या दारीही बाई घरी केलेला केक घेऊन जात आणि जर्मन पाहुण्यासाठी जागा मागत. बहुतेकांना नाही म्हणवत नसे.

बाईंच्या स्वतःच्या घरात मात्र वरची खोली कायम बंद असे. त्यांचा धाकटा भाऊ टॉम युद्धात जर्मनीत मारला गेला होता. ती खोली त्याची. त्याविषयी कुणी बोलत नसे.

काही वर्षांपूर्वी, १९८३ साली, युरोपात अमेरिकन क्षेपणास्त्रांविरुद्ध मोर्चे निघत होते. त्या दिवशी येणारा जर्मन पाहुणा ज्यांच्याकडे उतरणार होता, त्या यजमानांचा सकाळीच फोन आला. "सॉरी, मी कॅन्सल करतोय. तिकडे आपले झेंडे जाळतात, आणि मी त्यांना जेवू घालू?" आणि इकडे हेल्मुट नावाचे जर्मन शिक्षक बॅग घेऊन ऑफिसात हजर! बाई मीटिंगसाठी बॉस्टनला गेलेल्या. माझ्याकडे सासू-सासरे आलेले, हॉलमध्येसुद्धा गाद्या. पण दारात आलेल्या पाहुण्याला माघारी धाडायचं? आमच्या नागपूरकडे असलं कुणी करत नाही. बाईंच्या घराची जास्तीची किल्ली माझ्याकडे असे. मी सरळ वरची खोली उघडली, चादर बदलली, पाहुण्यांना चहा दिला. अतिशहाणपणाच तो!

संध्याकाळी बाई आल्या. उघडं दार पाहून जिन्यातच थबकल्या.

"कुणाला विचारून?"

"तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

"अर्थात नाही म्हणाले असते!" त्या कडाडल्या. माझी नोकरी गेली, असंच मी धरून चालले. मग त्या पायरीवर बसल्या. "इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या मुलांच्या खोल्या मागत फिरले गं," म्हणाल्या आणि रडू लागल्या. मीही रडले.

हेल्मुट बॅग घेऊन बाहेर आले. "मी जातो, मॅडम."

बाईंनी डोळे पुसले. "जेवल्याशिवाय कुणी जात नाही. बटाटे सोलता येतात?"

ते गृहस्थ सहा आठवडे राहिले.

दुसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊन बाई कॅन्सल करणाऱ्या यजमानांकडे गेल्या. मला वाटलं, आता त्यांची खरडपट्टी निघणार. पण बाई म्हणाल्या, "मी माफी मागायला आलेय. तुमच्याकडे जे मागत होते, ते मला स्वतःला जमत नव्हतं. काल जमलं, तेही या बाईनं ढकललं म्हणून."  त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी आम्हाला आत बोलावलं.

रूथबाई, गुडघे सांभाळा, गोळ्या वेळेवर घ्या आणि आमच्यासाठी शंभरी गाठा. या परक्या देशात मला हक्कानं रागावणारं दुसरं कुणी नाही.