पायाकडचं स्टूल

ताईच्या जाण्याने एका युगाचा अंत झाला, असं शोकसभेत प्रमुख पाहुण्यांनी गंभीरपणे सांगितलं. सांगताना तिचं नाव त्यांनी दोनदा चिठ्ठीत बघितलं. मी तिचा धाकटा भाऊ. मला विचाराल तर युगबिग काही संपलेलं नाही. फ्रीगंजमधल्या तिच्या रुग्णालयात कुणाचं हृदय बंद पडलं आणि डॉक्टर छाती दाबू लागले, की घरच्या एका माणसाला आत, पायाशी बसू देतात. ते ताईने सुरू केलं, आणि ते चालू आहे.

ताई तिथे नर्स होती. पहिली कित्येक वर्षं अशा वेळी नातेवाइकांना बाहेर काढून पडदा ओढायचं काम तिचंच, आणि त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. मग एका दुपारी भाऊजींना त्याच वॉर्डात झटका आला, आणि तिच्याच हाताखालच्या मुलींनी तिला खांद्याला धरून बाहेर नेलं. भाऊजी गेले. तेराव्यानंतर ती म्हणाली, "मधू, आत काय चालतं ते मला तोंडपाठ. तरी पडद्याबाहेर वाटत होतं, हे लोक काहीच करत नाहीयेत... इतकी वर्षं मी लोकांना याच विचारात सोडून येत होते."

कामावर परतली ती थेट मोठ्या डॉक्टरांपुढे उभी राहिली : अशा वेळी घरच्या एकाला आत बसू द्या. त्यांची भीती खोटी नव्हती. चिडलेल्या नातेवाइकांनी दाराची काच आधी दोनदा फोडली होती, आणि एकदा तर छाती दाबणं चालू असतानाच एक गृहस्थ आईच्या तोंडात क्षिप्रेचं पाणी घालायला तांब्या घेऊन आत घुसले होते. "सिस्टर, ये वार्ड है, महाकाल के दर्शन नहीं," डॉक्टर म्हणाले. ताई म्हणाली, "सर, दर्शन में भी लाइन लगा दो तो लोग शांत रहते हैं. मैं तो एक ही को बिठाऊँगी." तिने स्टाफरूममधलं लोखंडी स्टूल उचललं आणि पलंगाच्या पायाकडे ठेवलं. तिथे डॉक्टरांची अडचण होत नाही, आणि पाय धरायला आपल्या लोकांना शिकवावं लागत नाही. तांब्या दाराशी, पाणी नंतर. शेजारी एक नर्स, काय चाललंय ते कानात सांगायला.

त्या स्टूलवर पहिला बसला भैरवगढचा एक कापडावर ठसे मारणारा छपाईवाला. निळ्या बोटांनी त्याने आईचे पाय धरले. बऱ्याच वेळाने तोच म्हणाला, "बस, डॉक्टर साब. आपने बहुत किया," आणि हात जोडले. काच फुटली नाही. पुढच्या खेपेला स्टूल जागेवर नव्हतं, तेव्हा डॉक्टरच ओरडले, "सिस्टर का स्टूल कहाँ है?"

दीड महिन्यापूर्वी ताई स्वतःच तिथे दाखल झाली. जाण्याच्या आदल्या दिवशी मला म्हणाली, "माझ्या वेळी तू बसायचं. आणि तिथे ज्ञान पाजळू नकोस, डॉक्टर कामात असतात."

"तुला काही होत नाही."

"बघ, पाजळलंसच."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं हृदय थांबलं. आता केस पिकलेले तेच डॉक्टर दारातून म्हणाले, "भाईसाहब, अंदर आइए." भाऊबीजेला नमस्कार करताना मी नुसता वाकल्यासारखं करायचो, गुडघ्याचं निमित्त सांगून. त्या दिवशी दोन्ही हातांनी पाय धरले. टाचा भेगाळलेल्या होत्या. नर्स सांगत होती... आता औषध दिलं... आता थांबून बघतायत... मला काहीच कल्पावं लागलं नाही. शेवटी डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. जगातल्या बहुतेक व्यवस्थांविषयी माझी तक्रार असते. त्या सकाळी एकही नव्हती. ताई जिंकली होती, आणि तिच्याशी वाद हरलेले डॉक्टर समोर डोळे पुसत उभे होते.

शोकसभेत ते स्टूल काचेच्या कपाटात ठेवण्याची घोषणा झाली. टाळ्या पडल्या. परवा ताईचं ओळखपत्र परत द्यायला वॉर्डात गेलो, तर कपाट आलं होतं आणि रिकामं होतं. स्टूलवर नानाखेड्याची एक बाई नवऱ्याचे पाय धरून बसली होती. त्याचं हृदय सकाळीच पुन्हा सुरू झालं होतं. नर्सने तीनदा सांगूनही ती उठत नव्हती. तिच्या पदराखालून स्टूलच्या पट्टीवर रंगवलेली जुनी अक्षरं दिसत होती : 'केवल स्टाफ के लिए.'