भिंतीकडे तोंड करून बसणारे सर

आधी माझी चूक सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं तुम्ही तिच्यासकट वाचाल. आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांना मी भर स्पर्धेत, साऱ्या मुलांसमोर, सभागृहाबाहेर काढलं. ते वयानं माझ्यापेक्षा मोठे होते. उठताना त्यांनी खुर्ची तेवढी नीट सरकवून ठेवली आणि गेले.

खुर्ची हीच त्यांची खूण. एखादं मूल समोर बोलायला उभं राहिलं की सर आपली खुर्ची उचलून फिरवायचे आणि भिंतीकडे तोंड करून बसायचे. पोराला दिसायची ती फक्त त्यांची पाठ. मग म्हणायचे, "हं, बोल. सावकाश. कोणती यष्टी सुटून राह्यली?"

आमची शाळा चिखली तालुक्यातली, दहावीपर्यंतची. सहशालेय उपक्रमांचा प्रमुख मी. हरित सेना, विज्ञान मंडळ, लेझीम पथक, वाचन कट्टा, सगळ्यांच्या वह्या दर शनिवारी माझ्या टेबलावर येत. हरित सेनेच्या वहीत तर लावलेल्या झाडांपेक्षा जगलेली झाडं जास्त असत. वक्तृत्व मंडळ चित्रकलेच्या सरांनी स्वतःहून मागून घेतलं होतं. त्यांच्या वहीत दर आठवड्याला एकच ओळ असे, "आज ऐकले."

मी लाल शाईनं विचारलं, "काय ऐकले?"

पुढच्या शनिवारी उत्तर आलं, "मुलांचे."

माझा संशय इथून सुरू झाला. चित्रकलेच्या माणसाला वक्तृत्व हवं कशाला? दार लोटलेलं का असतं? आतून पाच-पाच मिनिटं आवाज का येत नाही? एकदा मी खिडकीशी थांबून पाहिलं. सर भिंतीकडे पाहत बसलेले आणि मागे नववीतली एक मुलगी ओठ मिटून उभी. मला वाटलं, गडी झोपतोय. पण झोपलेल्या माणसाची मंडळातली पोरं दर आठवड्याला वाढतात कशी?

आठवीतल्या एका मुलीला मी गाठलं. "सर भाषण लिहून देतात ना?"

"नाही सर."

"मग भाषण कोणाचं असतं?"

"ज्याचं त्याचं."

उत्तर इतकं सरळ होतं की ते पढवलेलंच असणार, अशी माझी खात्री झाली.

तुम्ही कधी शाळेत वक्तृत्वात भाग घेतला असेल तर तुम्हाला ठाऊक असेल, भाषण शिक्षक लिहितो आणि मूल पाठ करतं. बारा वर्षं मीही लिहून देत आलो. मूठ कुठे आवळायची, डोळे कुठे पुसायचे, तेसुद्धा कंसात. त्यामुळे सरही लिहून देत असणार, फक्त माझ्यापेक्षा सफाईनं लपवत असणार, हे मी धरूनच चाललो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

सर काही लाघवी माणूस नव्हते. शिक्षककक्षात खिशातल्या शेंगा एकटेच फोडून खात आणि टरफलं दुसऱ्याच्या टेबलावर ठेवत. बैठक चालू असली की आमची चित्रं काढत, तीही पाठीमागून. कोणी टोकलं तर म्हणत, "तोंड काय, कोणीबी सजवते. पाठ पाहा माणसाची." माझंही एक चित्र त्यांनी काढलं होतं. टकलावर पेन्सिल जरा जास्तच मन लावून फिरवली होती. तो रागही माझ्या संशयात मिसळला असेल. नसेल असं शपथेवर सांगता येणार नाही.

त्या वर्षी स्पर्धेचा विषय होता, 'माझं गाव'. शाळेतून एकच मूल अमडापूरच्या तालुका स्पर्धेला जाणार होतं. माझा एक विद्यार्थी तयार होता, माझ्या मुठीसकट. सरांच्या मंडळातून नाव आलं ते खिडकीतून पाहिलेल्या त्याच मुलीचं, आरतीचं. तिच्या घरी भाजीपाला पिकतो. बाजारच्या दिवशी ती आईसोबत दुकान मांडून बसते. मी तिला दोन वर्षं इतिहास शिकवला होता. काहीही विचारा, "नाही येत" एवढंच तिचं उत्तर. मी तिला मठ्ठ समजून सोडून दिलं होतं. ही भाषण करणार? संशय पक्का झाला.

शाळेतल्या निवड फेरीत ती मंचावर आली. मी परीक्षकांशेजारी बसलो होतो, पण माझी नजर शेवटच्या रांगेवर होती. तिथे, खाली बसलेल्या पोरांच्या मागे, सर खुर्चीवर बसले होते. त्यांचा उजवा हात गुडघ्यावर, आणि अंगठा एकेका बोटाच्या टोकाला लागून पुढे सरकत होता. करंगळीपर्यंत जायचा, परत यायचा. आरतीचे डोळे त्या हातावर खिळलेले. "अध्यक्ष महोदय," ती म्हणाली. एका शब्दाला एक बोट.

मी उभा राहिलो. "थांब. सर, हाताचं काय चाललंय?"

"काही नाही. हात आहे."

"तुम्ही खुणा करताय."

"शब्द नाही सांगून राह्यलो, सर."

"मग बाहेर बसायला हरकत नाही तुमची."

त्यांनी मंचाकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "हात खिशात ठेवतो. बसू द्या मले."

"नाही."

ते गेले. आरतीला पुढे म्हणायचं होतं, 'पूज्य गुरुजनवर्ग'. तिच्या तोंडून "पू... पू..." एवढंच येत राहिलं. मागची पोरं खिदळली. तिची मान लाल झाली. मी माइक ओढून घेतला आणि म्हणालो, "पाहिलंत? खुणा गेल्या, भाषण गेलं."

ती मंचावरून उतरली. पुन्हा कधी चढली नाही.

माझा विद्यार्थी अमडापूरला जाऊन तिसरा आला. मंडळाच्या वहीत मी लिहिलं, "मंडळ बंद करावे." सरांनी खाली सही केली आणि सहीआधी एकच शब्द लिहिला, "वाचले." उन्हाळ्यात ते निवृत्त झाले. निरोप समारंभात भाषण मीच केलं. आधीच्या एका निरोपासाठी लिहिलेलं होतं, फक्त नाव बदललं. पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत साखरखेर्ड्याला, आपल्या घरी, ते वारले. मी गेलो नाही.

यंदा जूनमध्ये आरती आईसोबत दहावीचा दाखला न्यायला आली. दाखला हातात पडल्यावर आई म्हणाली, "चित्रकलेचे सर कोन्त्या खोलीत बसत व्हते? पोरीले येकडाव पाहू द्या."

माझ्या तोंडून निघून गेलं, "काय शिकवत होते हो ते, दार लोटून?"

आई म्हणाली, "पोरगी अडखळते ना, सर. बजारात तं गिऱ्हाईकच तिचा शब्द पुरा करते. सर म्हनत, समोरचं तोंड वाट पाहाले लागलं का हिचा शब्द अटकते. म्हनून ते भिंतीकडं पाहत. बोटायच्या तालावर धरलं का बोलते बराबर."

"मग मला काऊन नाही सांगितलं कोणी?" कधी नव्हे ती घरची बोली माझ्या तोंडात आली.

"तिनंच शपथ घातली व्हती सरायले, शाळेत कोनाले मालूम पडू देऊ नका म्हनून." मग ती म्हणाली, "पन तुमी तं दोन वर्सं शिकवलं तिले."

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी चित्रकलेची खोली उघडली. सरांची खुर्ची मोडक्या बाकांखाली अडकली होती. आरतीनं ती ओढून काढली आणि ओढणीनं पुसली. आई दारात थांबली. मी आरतीसमोर उभा राहिलो. बारा वर्षं दुसऱ्यांची भाषणं लिहिणाऱ्या माझ्या तोंडातून शब्द फुटेना. "आरती, मी..." एवढं म्हटलं आणि अडकलो.

तिनं क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि माझ्याकडे पाठ करून बसली.

"स... सावकाश, सर," ती म्हणाली.

मी तिच्या पाठीला म्हणालो, "त्या दिवशी सरांनी तुला एकही शब्द सांगितला नव्हता. भाषण तुझं होतं, आणि ते मी बंद पाडलं. माइकवर मी जे बोललो, ते खोटं होतं. सरांची माफी मागायला उशीर झाला. तुझी मागतो. मला माफ कर."