उंदराच्या मांडीतली गाठ

क्लाइव्ह पेंगेलीने आयुष्यभर मेंदूच्या कर्करोगावर काम केलं, असं ॲडलेडमध्ये सगळे म्हणतात. मी त्याच्याच प्रयोगशाळेत, त्याच्याच मजल्यावर बसतो. त्याने आयुष्यभर उंदरांच्या मांड्यांवर काम केलं.

मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट असतात की बहुतेक औषधं बाहेरच अडतात. म्हणून क्लाइव्हने औषध चरबीच्या अतिसूक्ष्म कुप्यांत भरलं आणि कुप्यांना गाठीलाच चिकटणारं प्रथिन लावलं. कल्पना चांगली, पण तीही एका विद्यार्थिनीची. मग या महाशयांनी माणसाच्या मेंदूतल्या गाठीच्या पेशी उंदराच्या मांडीत टोचल्या. का, तर तिथली गाठ बाहेरून मोजता येते. कवटीतल्या गाठीसाठी स्कॅन लागतो, कष्ट पडतात. मांडीत ती घट्ट भिंत नसतेच. कुप्या आरामात पोचल्या, गाठी विरघळल्या आणि हा पठ्ठ्या टीव्हीवर जाऊन मेंदूत औषध पोचवल्याचा टेंभा मिरवून आला.

ती बातमी मर्व आणि नेरीडाने बघितली. मर्व यॉर्क द्वीपकल्पावरचा, मेंढ्यांची लोकर कातरणारा. त्याच्या डोक्यात सगळ्यांत दुष्ट जातीची गाठ होती. ऑपरेशन झालं होतं, आता रेडिएशन घ्यायचं होतं. ते घेतलं तर नव्या औषधाच्या चाचणीत घेणार नाहीत का, असं त्याच्या बायकोने, नेरीडाने, क्लाइव्हला फोन करून विचारलं. "घाई करू नका, आमची चाचणी तोंडावर आलीय," हा म्हणाला. चाचणीचा पत्ताच नव्हता. याला कुणाला नाही म्हणायचा धीर नाही, आणि लोक त्याला चांगुलपणा म्हणतात. मला त्या चांगुलपणाची किळस येते.

मर्वने रेडिएशन पुढे ढकललं. गावच्या फुटबॉल क्लबने मटणाची सोडत लावून, म्हणजे तिकिटं विकून जिंकणाऱ्याला मटण देऊन, आमच्या प्रयोगशाळेसाठी देणगीसुद्धा जमवली.

देणगीदारांना आम्ही सकाळच्या चहाला बोलावतो. लॅमिंग्टन केक, पडद्यावर चित्रं. मर्व व्हीलचेअरवर आला. त्याचा डावा हात आणि पाय गेल्या आठवड्यात बंद पडले होते. पडद्यावर उंदीर आला, मागच्या पायावर फुगवटा असलेला.

"हे काय?" मर्वने विचारलं.

"तीच गाठ. तुमच्यासारखीच," क्लाइव्ह खुशीत म्हणाला.

"इथल्या उंदरांचा मेंदू ढुंगणापाशी असतो का रे?"

सगळे हसले. क्लाइव्हही हसला. "नाही हो मर्व, तिथे मोजायला सोपं पडतं."

"आणि डोक्यातल्या गाठीत? तिथे पोचवलंय का कधी औषध?"

"ते पुढच्या टप्प्यात."

"माझ्या डोक्यात?"

"नाही नाही, आधी उंदराच्या."

नेरीडाने केकची बशी खाली ठेवली. "मग आम्ही कशासाठी थांबलोय, क्लाइव्ह?"

"मी थांबा असं कधीच म्हटलं नाही," क्लाइव्ह म्हणाला. "घाई करू नका, एवढंच म्हटलं."

नेरीडाने तिथेच, सगळ्यांसमोर, मर्वच्या डॉक्टरांना फोन लावला आणि रेडिएशन लगेच सुरू करता येईल का, ते विचारलं. हातपाय बंद पडल्यावर काढलेला स्कॅन त्यांनी बघितला होता. त्यांचं ऐकून तिने फोन खाली ठेवला.

"काय म्हणतायत?" मर्वने विचारलं.

"गाठ मेंदूच्या दोन्ही बाजूंना गेलीय. आता रेडिएशनचा उपयोग नाही म्हणतायत."

क्लाइव्हने घसा खाकरला आणि पुढचं चित्र लावलं.