चोपदाराची टाच

भास्करदादाच्या बुटांवर सरकारी लाखेचा शिक्का बसला, तो माझ्या अक्षरामुळे. अक्षर चांगलं होतं हीच अडचण. वाईट असतं तर कुणी वाचलंच नसतं.

भास्करदादा माझा मामेभाऊ, देवासला धाकट्या पातीचा चोपदार. मिरवणुकीत चांदीची काठी घेऊन पुढे चालायचं आणि ललकारी द्यायची, हे त्याचं काम. मी तिथेच एका कचेरीत नकलनवीस. मांडी घालून बसायचं आणि दुसऱ्यांचे हुकूम उतरून काढायचे, हे माझं. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी त्याच्या उजव्या बुटाची टाच डुगडुगायला लागली. तो कचेरीत आला आणि म्हणाला, "कारकूनसाहेब, मोच्याला चिठ्ठी लिहा. तुमच्या सरकारी थाटाला तो घाबरतो."

‘बुटांस टाच लावावी’ एवढंच लिहायचं होतं. पण सकाळपासून मी कुणाच्या बैलांवर, कुणाच्या घरावर टाच आणल्याचे, म्हणजे जप्तीचे, हुकूम उतरवत होतो. हात त्याच वळणाने गेला आणि मोडीत झोकदारपणे उतरलं: ‘भास्कर चोपदार यांचे बुटांवर टाच आणावी. सत्वर.’ चिठ्ठी म्हणून मी दादाच्या हातात जो कागद दिला तो हुकमांच्या गठ्ठ्यातला असावा, कारण पुढे मोच्याकडे भलतीच नक्कल गेली आणि चिठ्ठी गठ्ठ्यात राहिली. तिच्यावर शिक्का बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीचा शिपाई उमाशंकर पोतं घेऊन दादाच्या दारात उभा. मीही तिथे चहाला बसलो होतो.

"भिया, हुकम हे. बूट जप्त."

"अरे, मी कुणाचं काय देणं लागतो?"

"यो इना कागद में नी लिख्यो. बूट लिख्या हे."

आतून इंदूवहिनी म्हणाल्या, "न्या हो भाऊ. आणि परत आणायची घाई नको."

उमाशंकरने बूट पोत्यात घातले, तोंड बांधलं, लाख ओतली. शिक्का मोडायला कारभाऱ्यांची सही हवी आणि कारभारी अष्टमीपर्यंत दौऱ्यावर. मी चहाच्या बशीत बघत राहिलो. आपलंच अक्षर मला लांबूनही ओळखू आलं होतं.

आता त्या बुटांबद्दल. देवासात एका गावात दोन राज्यं, म्हणजे दोन पाती. आमच्या गल्लीत तर रस्त्याच्या या अंगाला धाकटी पाती आणि त्या अंगाला थोरली. समोरच्या घरात थोरल्या पातीचे चोपदार यशवंतराव राहत. सहा फूट उंच, खांदे दाराच्या चौकटीएवढे. दसऱ्याला दोन्ही मिरवणुका निघत आणि बाजारातले लोक दोन्ही चोपदारांना एका नजरेत मापत. दादा माझ्या हनुवटीशी येतो. यशवंतराव मिशांना तेल कधी लावतात, फेटा किती वेढ्यांचा बांधतात, हे दादाला त्यांच्या बायकोपेक्षा जास्त ठाऊक होतं. जेवताना घास हातात धरून तो खिडकीतून बघायचा. "आज पुन्हा नवीन अंगरखा," म्हणायचा आणि घास खाली ठेवायचा.

दोन वर्षांपूर्वी महूच्या छावणीत त्याने कुणा गोऱ्याच्या पायात उंच टाचेचे बूट पाहिले आणि तिथल्या मोच्याकडून तसेच करून घेतले. टाच तीन बोटं. चालताना खाड खाड वाजत. त्या दसऱ्याला तो यशवंतरावांच्या कानापर्यंत पोचला. तेव्हापासून बूट पायातून सुटत म्हणून नव्हते.

आणि मी? मी त्याच्यापेक्षा वीतभर उंच. पण उंची कचेरीच्या बैठकीवर काय कामाची? लोक त्याची काठी बघायचे, माझ्या बोटांची शाई कुणी बघत नव्हतं. त्याला यशवंतरावांचा हेवा आणि मला त्याचा. गल्लीत आमच्या घराण्याचं तेवढं एकच सातत्य होतं.

बूट गेल्यावर त्याचे पाय मी पहिल्यांदा नीट पाहिले. अंगठ्याचं नख काळं पडलेलं, अंगठ्याच्या मुळाशी सुपारीएवढी गाठ, करंगळीवर कुरूप. पण खरी मजा तो उभा राहिल्यावर दिसली. तो चवड्यांवर उभा होता.

"टाच टेक की," मी म्हणालो.

"टेकलीये," तो म्हणाला. टाच आणि जमीन यांच्यात माझी दोन बोटं आरामात गेली असती.

वहिनींनी हाडं बसवणाऱ्या माईंना बोलावलं. माईंनी त्याच्या पोटऱ्या चाचपल्या, कंबरेच्या खळग्यात मूठ घालून पाहिली.

"उकिडवा बस."

दादा बसायला गेला आणि मागे कोलमडला.

"दोन वर्षं टाच वर धरलीस, पोटरीची दोरी आखूड झाली," माई म्हणाल्या. "पुढे झुकून पडू नये म्हणून कंबर मागे ओढतोस, म्हणून ती दुखते. गुडघे वाजतात का?"

"जिना चढताना."

"वाजतीलच. रोज तिळाचं तेल चोळायचं आणि पायरीवर उभं राहून टाच हळूहळू खाली सोडायची. दोन वर्षांचं आखडलेलं आठवड्यात सुटायचं नाही, ओढाताण करू नकोस."

"पण दसरा?"

"दसरा पायाला कळत नाही."

वहिनी म्हणाल्या, "लोक काठी बघतात हो. तुम्हाला कोण बघतंय!" दादा त्या दिवशी जेवला नाही.

दुसऱ्या माळेला चोपदारांचे जमादार नारायणराव यांनी मला बोलावून घेतलं. बुटांची बातमी त्यांच्यापर्यंत गेली होती. त्यांनी मला भिंतीशी उभं केलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "भास्कर बुटांशिवाय काठीआड दिसणार नाही. तू घरातलाच आहेस. या खेपेला काठी तू धर. नवमीला ललकारी ऐकवून जा."

शिंप्याने माझं माप घेतलं. खरं सांगायचं तर मी तेव्हाच सगळं कबूल करायला हवं होतं. कारभाऱ्यांकडे घोडेस्वार पाठवून सही आणता आली असती. पण छातीवर शिंप्याची फीत असताना माणसाला सत्य जरा अडचणीचं वाटतं. मी दोन दिवस गप्प बसलो. विहिरीवर एकटा जाऊन ललकारी देऊन पाहिली. मनात म्हटलं, मोच्याच्या चिठ्ठीत चूक झाली ती झाली. आता मला वाटतं, हाताची ती सवय तेवढी निष्पाप नव्हती.

चौथ्या माळेला संध्याकाळी मी दादाकडे गेलो. तो अंगणात काठीऐवजी मुसळ धरून चालत होता. चवड्यांवर. टाचा हवेत, पोटऱ्या थरथरत होत्या, घाम मानेवरून गळत होता. मला पाहून थांबला नाही.

"जमादारांनी दुसऱ्याला पाहिलंय म्हणे," तो म्हणाला. "कोण ते सांगत नाहीत. सोळा वर्षं मी ही काठी धरली रे. ती गेली तर या गल्लीत मी कोण? खिडकीत बसणारा."

मी सांगितलं. दोन्ही गोष्टी सांगितल्या, चिठ्ठीची आणि मापाची.

त्याने मुसळ भिंतीला टेकवलं. मला वाटलं आता ते माझ्यावर येतं. तो बराच वेळ माझ्या उंचीकडे बघत होता.

"तुला कशाला रे हवी होती काठी?"

"तुला आहे म्हणून."

तो हसला. हे कारण त्याला पटकन समजलं. त्या विषयात तो माझा गुरूच.

"शिक्षा," तो म्हणाला. "एकवीस संध्याकाळी माझ्या पोटऱ्या तू चोळायच्या. आजपासून."

मी वाटी घेऊन बसलो. लाकडासारख्या पोटऱ्या. समोरच्या गच्चीवरून यशवंतराव बघत होते, म्हणून दादा मुद्दाम मोठ्याने म्हणायचा, "कारकूनसाहेब, जरा जोरात!"

अष्टमीला मी स्वतः अर्ज लिहून, ओळ न ओळ दोनदा वाचून, बूट सोडवून आणले. वाटेत मोच्याकडून टाच पक्की करून घेतली. दादाने ते घातले. आठ दिवसांत मोकळ्या झालेल्या बोटांना ते चावले असावेत, कारण त्याचं तोंड कडू झालं. पण उंच झाला तो, हे खरं. काठीच्या जागी मुसळ धरून त्याने ललकारी दिली. ती घशातून आली, अर्ध्यातच फाटली. पोट पुढे, कंबर मागे, श्वासाला जागाच नव्हती.

तो ओट्यावर बसला, बूट काढले, पायरीवर उभा राहून टाचा खाली सोडल्या आणि तशाच अनवाणी पायांनी पुन्हा ललकारी दिली. समोरच्या कौलांवरची कबुतरं उडाली. यशवंतराव गच्चीच्या कठड्याशी आले.

"काय भास्करराव, आज आवाज लागलाय!"

दादा नुसता कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

नवमीला जमादारांनी आम्हा दोघांना ऐकलं. माझ्या ललकारीवर ते म्हणाले, "ही तर शाळेत हजेरी घेतल्यासारखी वाटते." दादाची ऐकून त्यांनी काठी त्याच्या हातात दिली. दसऱ्याला बूट फडताळात ठेवून तो साध्या जोड्यात चालला. टाच आणि जमीन यांच्यात अजून एक बोट उरलं होतं, पण ते मलाच ठाऊक. त्याची ललकारी ऐकून माझ्या पोटात जे दुखलं त्याला तिळाचं तेल चालत नाही.

एकोणीस संध्याकाळी झाल्या आणि मला धारच्या शाळेत मास्तरकी मिळाली. आता मी रोज हजेरी घेतो. परवा दादाचं पत्र आलं. यशवंतरावांनी फेट्याला वीतभर तुरा लावलाय, असं पहिल्याच ओळीत. शेवटी लिहिलंय: ‘पोटऱ्या पुन्हा धरल्या आहेत. तुझ्याकडे दोन संध्याकाळी बाकी आहेत. तेल माझं.’ खाली वहिनींच्या अक्षरात एक ओळ आहे, की फडताळातले बूट जागेवर नाहीत.

पत्राला अजून उत्तर दिलेलं नाही.